नेटवर्कच्या प्रयोगासाठी खऱ्यासारखं ट्रॅफिक कसं तयार करायचं

फेब्रुवारी उजाडला की पुण्यातल्या अंतिम वर्षाच्या मुलामुलींची प्रकल्पाची घाई सुरू होते. कर्वेनगरमधल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत तेव्हा टेबलावर बहुतेक एकच मांडणी दिसते: दोन लॅपटॉप, मधे राउटर म्हणून बसवलेला जुना पीसी आणि एका खिडकीत चालू असलेलं आयपर्फ३. आलेख एकदम सपाट. ‘मॅडम, आमच्या पद्धतीनं डिले निम्म्यावर आला,’ मुलं आनंदानं सांगतात. मी विचारते, ‘ट्रॅफिक कुठलं घेतलंत?’ उत्तर येतं, ‘आयपर्फचं, दहा मिनिटं.’

आयपर्फ उत्तम साधन आहे. लिंकमधून जास्तीत जास्त किती डेटा जातो हे बघायचं असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. पण एक अखंड, कधीच न थांबणारा फ्लो (दोन यंत्रांमधली एक सलग देवाणघेवाण) आणि नेटवर्क वापरणारी माणसं यांत फार अंतर आहे. माणूस पान उघडतो, वाचतो, चहा घेतो, परत दुसरं पान उघडतो.

हे मला महागात शिकावं लागलं. काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या इंटरनेट लिंकवर रांगेची, म्हणजे राउटरमध्ये थांबलेल्या डेटातलं आधी काय सोडायचं ते ठरवणारी, नवी व्यवस्था बसवायचं काम माझ्याकडे होतं. टेबलावर सगळं छान चाललं. प्रत्यक्ष बसवल्यावर पहिल्याच रात्री, दहाच्या सुमारास, मुलींचे घरी लावलेले व्हिडिओ कॉल तुटायला लागले. पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख काढला तर लिंक जेमतेम निम्मी भरलेली. मग रीतसर परवानगी घेऊन कॅप्चर केलं, म्हणजे लिंकवरून जाणारं सगळं नोंदवून घेतलं, आणि त्याचे दहा-दहा मिलिसेकंदांचे तुकडे पाडले. तेव्हा दिसलं की काही तुकड्यांत लिंक काठोकाठ, त्याला लागून पुढचे कित्येक तुकडेही काठोकाठ, आणि मग लांबच लांब शांतता. कॉलचं पॅकेट, म्हणजे डेटाचा एक छोटा गठ्ठा, त्या भरलेल्या पट्ट्यात सापडलं की रांगेत अडकत होतं. बफरचा, म्हणजे रांगेतली पॅकेट मावणाऱ्या जागेचा, आकार मी सरासरीवरून काढला होता. चूक माझी होती आणि तिचं मूळ चाचणीच्या ट्रॅफिकमध्ये होतं.

तेव्हापासून नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते: पॅकेट तयार करायला बसू नका, पॅकेट ज्या कारणांनी निघतात ती कारणं तयार करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्याच आहेत.

पायरी १: आधी प्रश्न लिहून काढा

तुमचा प्रश्न ‘हा राउटर सेकंदाला किती पॅकेट पुढे ढकलतो’ एवढाच असेल, तर खऱ्यासारखं ट्रॅफिक लागतच नाही. ६४ बाइटांची पॅकेट पूर्ण वेगानं सोडा. १ जीबीपीएसच्या इथरनेटवर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार पॅकेट बसतात. तेवढी पेलली तर यंत्र पास. टीरेक्स किंवा मूनजेन ही पॅकेट सोडणारी साधनं या कामाला चांगली.

रांगेची पद्धत, टीसीपीचा (डेटा किती वेगानं पाठवायचा ते ठरवणाऱ्या नियमांचा) नवा प्रकार, बफरचा आकार, पान उघडायला लागणारा वेळ, असं काही तपासत असाल तर मात्र पुढे वाचा. इथं ट्रॅफिक बदललं की निष्कर्ष बदलतो.

पायरी २: खरं ट्रॅफिक डोळ्यांनी पाहा

ही पायरी सगळे गाळतात. कॉलेजच्या लिंकवर लगेच परवानगी मिळणार नाही, तर आपल्या घरी करा. लॅपटॉपवर हॉटस्पॉट चालू करा, स्वतःचा फोन त्याला जोडा, वायरशार्क हे कॅप्चरचं साधन लावा. दहा मिनिटांत एक व्हिडिओ बघा, एक कॉल करा, बातम्यांची दोन-तीन पानं उघडा. मग वायरशार्कमधला आय-ओ आलेख काढून त्याचा कालावधी १ सेकंदावरून १० मिलिसेकंदांवर आणा.

व्हिडिओ नळाच्या धारेसारखा येत नाही, तो पुण्यातल्या टँकरसारखा येतो. एक मोठा लोंढा, मग शांतता, पुन्हा लोंढा. कॉलची लहान पॅकेट मात्र घड्याळ लावल्यासारखी एकामागून एक जात राहतात. पानं उघडताना एकदम अनेक छोटे फ्लो फुटतात आणि क्षणात संपतात. पॅकेटचे आकार बघितलेत तर दोन टोकांना गर्दी दिसेल: एकीकडे नुसती पोच देणारी चिमुकली पॅकेट, दुसरीकडे १,५०० बाइटांची भरगच्च. ‘सरासरी आकार ७०० बाइट’ असं मॉडेल घ्याल तर प्रत्यक्षात क्वचितच दिसणारं पॅकेट तुम्ही लाखोंनी पाठवत असाल.

कॅप्चर करताना दोन काळज्या. दुसऱ्यांचं ट्रॅफिक त्यांच्या आणि संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय कधीही पकडू नका. पकडलंत तरी प्रत्येक पॅकेटचे सुरुवातीचे ९६ बाइटच घ्या, म्हणजे मजकूर फारसा येतच नाही, आणि पत्ते लगेच बदलून टाका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ डोक्यात ठेवून काम करायची सवय विद्यार्थिदशेतच लागलेली बरी. दुसरी काळजी तांत्रिक आहे. नेटवर्क कार्डाची पॅकेट जोडून देण्याची सोय चालू असेल तर कॅप्चरमध्ये ६४ केबीपर्यंतची राक्षसी पॅकेट दिसतात, जी तारेवर कधी गेलेलीच नसतात. लिनक्समधल्या ईथटूल या साधनानं ती सोय बंद करा आणि मगच मोजा.

मोठ्या लिंकचं ट्रॅफिक हवं असेल तर जपानच्या वाइड प्रकल्पाचा मावी संग्रह सगळ्यांना खुला आहे. त्यात रोज जपानी वेळेनुसार दुपारी २ पासून १५ मिनिटांचं कॅप्चर ठेवतात, पत्ते बदलून आणि मजकूर काढून. अमेरिकेतल्या कायडा संस्थेकडून अर्ज करून ट्रेस, म्हणजे अशा कॅप्चरच्या नोंदी, मिळतात.

पायरी ३: प्वासाँ कुठं चालतं आणि कुठं नाही, हे पक्कं समजून घ्या

डेन्मार्कच्या एर्लांगनं १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कॉलचं गणित मांडलं. कॉल एकमेकांशी संबंध नसताना येतात, म्हणून त्यांची आवक प्वासाँ पद्धतीची, म्हणजे मागचा कॉल केव्हाही आलेला असो, पुढचा यायची शक्यता दर क्षणी सारखीच, अशी धरता येते, असा त्याचा पाया होता. टेलिफोनला ते चपखल बसलं. पुढे संगणकांची नेटवर्क आली तेव्हा लोकांनी तेच गणित पॅकेटना लावलं. पाठ्यपुस्तकात सुटसुटीत उत्तरं मिळतात म्हणून आजही लावतात.

१९९३ मध्ये लेलँड, टाक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी अमेरिकेतल्या बेलकोर या टेलिफोन संशोधन संस्थेतल्या इथरनेटची मोजमापं मांडली आणि हा समज मोडला. प्वासाँ ट्रॅफिककडे लांबून पाहिलं की चढउतार एकमेकांत मिसळून सपाट होतात. या खऱ्या ट्रॅफिकमध्ये ते होत नव्हतं. १० मिलिसेकंदांच्या खिडकीत जसे उंचवटे, तसेच १ सेकंदाच्या, तसेच १०० सेकंदांच्या. याला स्व-साम्य म्हणतात.

किती स्व-साम्य आहे ते हर्स्टच्या घातांकानं मोजतात. हा हर्स्ट संगणकवाला नव्हता. तो नाईल नदीच्या पाण्याचा अभ्यास करणारा जलशास्त्रज्ञ होता आणि धरण किती मोठं बांधावं हा त्याचा प्रश्न होता. त्याला आढळलं की कोरडी वर्षं एकेकटी येत नाहीत, जोडीनं येतात. आपल्याकडे ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणतात ते काय वेगळं आहे? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचा साठा ठरवताना नुसता सरासरी पाऊस बघून चालत नाही, सलग वाईट वर्षं धरावी लागतात. राउटरचा बफर म्हणजे उलट बाजूनं तोच प्रश्न: सलग भरलेले क्षण किती लांबतील?

१९९५ च्या पॅक्सन आणि फ्लॉइड यांच्या शोधनिबंधात आपल्या कामाची गोष्ट सापडते. माणूस सत्र केव्हा सुरू करतो, ती आवक प्वासाँला बऱ्यापैकी धरून असते. सत्राच्या आतली पॅकेट मात्र नसतात. म्हणजे प्वासाँ फेकून द्यायचं नाही. त्याची जागा माणसाच्या पातळीवर आहे, पॅकेटच्या नाही.

पायरी ४: फ्लो तयार करा (इथं वेळ द्या)

आता कागद-पेन घ्या. समजा टेबलावरची मधली लिंक १० एमबीपीएसची आहे. लहान ठेवली ते बरं, कारण साध्या लॅपटॉपचा सीपीयू तिच्या आड येत नाही. तिच्यावर सरासरी ६० टक्के लोड हवा आहे. म्हणजे ६ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ७५० केबी.

फ्लोचे आकार पारेटो वितरणातून घ्या. त्यात बहुतेक आकार लहान आणि मोजके प्रचंड पडतात. घातांक १.२ आणि किमान आकार १० केबी. या वितरणाची सरासरी किमान आकाराच्या सहापट येते, म्हणजे ६० केबी. मग सेकंदाला ७५० भागिले ६०, म्हणजे १२.५ फ्लो सुरू व्हायला हवेत. दोन फ्लोंमधलं सरासरी अंतर ८० मिलिसेकंद. हे अंतर घातांकीय वितरणातून काढा. वर सांगितलेलं प्वासाँ ते हेच, योग्य जागी बसलेलं. पायथनच्या रँडम मॉड्यूलमध्ये दोन्ही वितरणं तयार आहेत.

आकार कसे पडतात ते एकदा हातानं करून बघाच. ० ते १ मधली यादृच्छिक संख्या घ्या आणि १० केबीला तिच्या ०.८३३ व्या घातानं भागा. संख्या ०.५ आली तर आकार सुमारे १८ केबी. ०.०१ आली तर ४६४ केबी. ०.०००१ आली तर साडेएकवीस एमबी! म्हणजे निम्मे फ्लो १८ केबीच्या आत संपतात, आणि गणितानं सगळ्यांत मोठे १ टक्का फ्लो एकूण बाइटांपैकी सुमारे ४६ टक्के उचलतात. या क्षेत्रात त्यांना उंदीर आणि हत्ती म्हणतात. लिंक भरलेली ठेवतात हत्ती, आणि वाट बघत बसावं लागतं उंदरांना. वसतिगृहातले कॉल नेमके असेच अडकले होते.

उंदरांबद्दल आणखी एक. लिनक्समध्ये टीसीपी पहिल्याच फेरीत (पहिली पोच परत येण्याआधी) १० पॅकेट, म्हणजे सुमारे साडेचौदा केबी पाठवतं. त्यामुळे १८ केबीचा फ्लो दोन फेऱ्यांत उरकतो. त्याला बँडविड्थ वाढवून देऊन फारसा फायदा नाही, रांगेतला वेळ कमी करून आहे. तुमच्या ट्रॅफिकमध्ये उंदीरच नसतील तर हा परिणाम कधी दिसणारच नाही.

आता खाच-खळगे. १.२ घातांकाच्या पारेटोचा व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरतात त्याचं माप, अनंत असतो. एखाद्या चाचणीत अचानक २ जीबीचा फ्लो पडतो आणि उरलेला अख्खा वेळ तोच चालतो. म्हणून वरची मर्यादा घालतात, समजा १०० एमबी. मर्यादा घातली की सरासरी ६० केबी राहत नाही, साधारण ५२ वर येते. मग १२.५ फ्लोंनी ६० टक्के लोड होत नाही, सेकंदाला सुमारे १४.४ लागतात. ही दुरुस्ती विसरलेले प्रकल्प मी दरवर्षी बघते. शिवाय आकार मोजताना हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची पत्ता वगैरे माहिती) धरा: १,४६० बाइट डेटामागे तारेवर १,५०० पेक्षा थोडं जास्तच जातं.

आणि १.२ हा आकडा माझ्या उदाहरणापुरता आहे. तुमच्या कॅप्चरमधल्या फ्लोंचे आकार आणि त्या-त्या आकाराहून मोठ्या फ्लोंचं प्रमाण, दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन मांडा. मोठ्या आकारांकडे सरळ उतार दिसला तर त्याच उतारावरून घातांक घ्या. रेषा वाकत गेली तर लॉग-नॉर्मल जास्त बरं बसेल.

पायरी ५: ट्रॅफिकला प्रतिसाद देऊ द्या

कॅप्चर हातात आल्यावर सगळ्यांना सुचतं: टीसीपीरीप्लेनं तेच परत सोडू या, याहून खरं काय असणार?

नळ स्टॉपचा चौक आठवा. उड्डाणपूल होण्याआधीच्या एका संध्याकाळी तुम्ही तिथं उभं राहून प्रत्येक गाडी कुठल्या सेकंदाला आली ते टिपलंत. आता पूल झाल्यावर त्याच गाड्या त्याच सेकंदांना चौकात ढकलल्यात, तर पुलाचा उपयोग कळेल का? त्या नोंदीत जुनी कोंडी शिजलेली आहे. गाड्या तेव्हा उशिरा आल्या कारण मागे अडकल्या होत्या, आणि काहीजण कंटाळून लॉ कॉलेज रस्त्यानं गेले होते. टीसीपीचंही तसंच. रांग वाढली की तो वेग कमी करतो, जागा झाली की वाढवतो. रीप्लेमधली पॅकेट मात्र काहीही झालं तरी जुन्याच वेळी निघतात.

म्हणून ट्रेसमधून पॅकेटच्या वेळा घेऊ नका. फ्लो केव्हा सुरू झाला, किती बाइटांचा होता, दोन विनंत्यांमध्ये माणूस किती थांबला, एवढंच घ्या आणि खऱ्या टीसीपी सॉकेटमधून तेवढे बाइट पाठवा. २००४ चं हार्पून हे ट्रॅफिक तयार करणारं साधन याच विचारावर बांधलेलं आहे. नवख्या माणसानं मात्र शंभरेक ओळींची पायथनची स्क्रिप्ट स्वतः लिहावी असं माझं मत आहे. सर्व्हर मागितले तेवढे बाइट देतो, क्लायंट वेळापत्रकाप्रमाणे मागतो आणि लागलेला वेळ नोंदवतो. स्वतः लिहिलं की प्रत्येक आकडा कुठून आला ते परीक्षकाला सांगता येतं. टीसीपीरीप्ले ठेवा घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणेच्या चाचणीला, जिथं पॅकेटमध्ये काय आहे याला महत्त्व असतं.

पायरी ६: रस्ता लांब करा

टेबलावरच्या दोन लॅपटॉपमधलं अंतर एक मीटर, आणि फेरी मिलिसेकंदाच्याही आत. खऱ्या जगात असं नसतं. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. सिंगापूर पुण्याहून सरळ रेषेत साधारण ३,८०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३८ मिलिसेकंद. त्यात रांगेचा वेळ आणि केबलची वळणं आलीच नाहीत. लिनक्सच्या नेटएमनं हा विलंब घालता येतो. सगळ्या फ्लोंना एकच विलंब देऊ नका. काही जवळचे, काही मध्यम, काही लांबचे ठेवा, नाहीतर सगळे फ्लो एकाच तालात वर-खाली होतात आणि खोटाच नमुना दिसतो.

नेटएम पाठवणाऱ्या लॅपटॉपवर लावू नका, मधल्या वेगळ्या यंत्रावर लावा. पाठवणाऱ्यावर लावलंत तर टीसीपी स्वतःच्या यंत्रातली रांग बघून वागायला लागतं. नेटएमची स्वतःची रांगही १,००० पॅकेटांपुरतीच असते. १० एमबीपीएसला प्रश्न नाही. पण १ जीबीपीएसवर ४० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे तारेवर एका वेळी सुमारे ३,३०० पॅकेट. मर्यादा वाढवली नाही तर नेटएमच गुपचूप पॅकेट टाकतं आणि दोष तुमच्या अल्गोरिदमला लागतो. विलंबात चढउतार घातलात तर पॅकेट मागेपुढे होतात, तेही तपासा.

उलट्या दिशेलाही थोडं ट्रॅफिक सोडा. अपलोडच्या रांगेत पोच अडकली की डाउनलोडही मंदावतो. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावरून मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवून बघितलेल्यांना अपलोडची कोंडी काय असते ते वेगळं सांगायला नको.

पायरी ७: जुळतंय का ते बघा

तयार केलेलं ट्रॅफिक पुन्हा कॅप्चर करा आणि खऱ्याच्या शेजारी मांडा. १० मिलिसेकंद, १०० मिलिसेकंद, १ सेकंद, १० सेकंद असे चार आलेख खऱ्याचे, चार तुमचे. चौथ्यात तुमचं सपाट आणि खरं खडबडीत दिसलं तर मोठे फ्लो कमी पडलेत.

आकड्यात हवं असेल तर व्हेरियन्स बघा. प्वासाँमध्ये खिडकी १०० पट मोठी केली की सरासरीचा व्हेरियन्स १०० पट घटतो. चालू-बंद होणाऱ्या खूप स्रोतांची बेरीज केली आणि त्यांच्या कालावधींचा पारेटो घातांक १.२ असला, तर हर्स्टचा घातांक ०.९ येतो, आणि त्याच १०० पट खिडकीत व्हेरियन्स जेमतेम अडीच पट घटतो. तुमची मर्यादा १०० एमबीची असल्यानं फार मोठ्या खिडक्यांत हे टिकणार नाही, तेवढं समजून घ्या.

मी वसतिगृहाचं ट्रॅफिक याच पद्धतीनं टेबलावर परत उभं केलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी कॉल टेबलावरही तुटला. त्या क्षणी मला फार हायसं वाटलं, कारण आता तो दुरुस्त करता येणार होता.

पायरी ८: पुन्हा, पुन्हा, पुन्हा

दहा मिनिटांच्या चाचणीत तुमचे जेमतेम साडेसात ते साडेआठ हजार फ्लो होतात. त्यातला सगळ्यांत मोठा एकदा ५ एमबीचा निघेल, एकदा ८० चा. एका चाचणीवरून काहीही म्हणता येत नाही. किमान ३० वेळा चालवा, दर वेळी यादृच्छिक संख्यांचं बीज (ज्या आकड्यापासून संगणक त्या संख्या काढतो तो) वेगळं घ्या. पण दोन पद्धतींची तुलना करताना दोघींना तीच ३० बीजं द्या, म्हणजे दोघींपुढे अगदी तेच फ्लो येतील. सुरुवातीचा काळ निकालात धरू नका. पारेटोसारख्या जड शेपटीच्या वितरणात, म्हणजे जिथं क्वचित पण प्रचंड आकार येतात तिथं, नेटवर्क स्थिर व्हायला पुष्कळ वेळ लागतो. डिलेची सरासरी देऊन थांबू नका, ५० वा, ९५ वा आणि ९९ वा शतमक द्या, आणि उंदरांचे आकडे हत्तींपासून वेगळे मांडा. लोड ४०, ६०, ८० टक्के असा बदलून बघा. शंभराच्या जवळ नेलात तर फ्लो साचत जातात आणि आकड्यांना अर्थ राहत नाही.

वेगळी यंत्रं नसतील तर हे सगळं एका लॅपटॉपवर मिनीनेट या आभासी नेटवर्क उभारणाऱ्या साधनात करता येतं, फक्त सीपीयू ७०-८० टक्क्यांच्या वर जात नाही ना ते बघत राहा. टीसीपीचा अगदी नवा प्रकार शोधून काढत असाल तर एनएस-३ या सिम्युलेटरमध्ये आधी सिम्युलेशन करा.

अहवालात लिंकचा वेग, आकारांचं वितरण आणि त्याचे आकडे, वरची मर्यादा, आवकेचा दर, विलंब, बीजांची यादी, लिनक्स कर्नलची आवृत्ती आणि कॅप्चर कुठलं होतं हे सगळं लिहा. एका पानात बसतं. ते पान निकालांच्या आधी लावा, म्हणजे पुढच्या वर्षी तुमच्या जागी बसणाऱ्या मुलीला तोच प्रयोग पहिल्या दिवशी चालवून बघता येईल.